आंबा, खजूर आणि अब्बांची शुगर

आमच्या कोकणात एप्रिल-मे महिन्यात डायबिटीसचा पेशंट घरातला संशयित होतो. माळ्यावर आंब्याची अढी लावलेली, घरभर वास, आणि सगळ्यांची नजर एकट्या अब्बांवर. लग्नाच्या पंगतीत त्यांनी तिसऱ्यांदा बिर्याणी घेतली तर कुणी हटकत नाही. आंब्याला हात लावला की शेजारच्या खालासुद्धा ओरडतात.

अम्मीची भीती मात्र खोटी नाही. आमच्या मामूंच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. चपलेने जखम झाली होती, पण पाय बधिर, त्यांना कळलंच नाही. पण मामूंना आंब्याची आवड नव्हतीच! बरं वाटलं की ते गोळ्या बंद करायचे. ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, ‘गोड खाल्लं’ एवढंच राहिलं.

गोड काय आणि किती, हे मोजायला हवं. मध्यम हापूसच्या गरात साधारण २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं असतात. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात २८. भात गोड लागत नाही म्हणून सुटतो, इतकंच. अब्बांनी ग्लुकोमीटर घेतल्यावर हे आमच्या डोळ्यांसमोर आलं. सकाळी अकराला अर्धा हापूस, फोडी करून, सोबत दुसरं काही नाही: दोन तासांनी १६२. दुसऱ्या एका दिवशी दुपारी आमरस-पुरी, वर भात: २४८. आंबा तोच. रसात मात्र दोन-तीन आंबे कधी पोटात गेले ते समजत नाही, आणि पुऱ्यांचा हिशोब तर कुणी ठेवतच नाही. हे आकडे अब्बांचे आहेत, तुमचे वेगळे येतील. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

२०२२ साली रमजान नेमका एप्रिलमध्ये आला. इफ्तारला खजूर सुन्नत, त्यावर कुणाचं दुमत नाही. पण मोठ्या मेदजूल खजुरात एका नगामागे १८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. तीन खाऊन वर सरबताचा ग्लास घेतला तर आंब्याला बोल लावण्यात काय अर्थ? अब्बांनी एक खजूर, पाणी आणि आंब्याच्या चार फोडी असं ठरवलं. सरबत बंद.

एका दिवशी असरनंतर त्यांचे हात थरथरायला लागले, दरदरून घाम. बोट टोचून तपासायलाही ते तयार नव्हते, रोजा तुटेल म्हणून. खरं तर तपासणीने रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलेमा सांगतात. आकडा आला ६४. सत्तरच्या खाली गेलं की रोजा सोडायचा, हे डॉक्टरांनी आधीच बजावलेलं. मगरिबला तासभर होता. अब्बा म्हणाले, “थांबतो थोडा.” अम्मी काही बोलली नाही. साखरेचं पाणी आणून तिने त्यांच्या ओठांना लावलं. आजाऱ्याला सवलत कुराणानेच दिली आहे, हे त्यांना ठाऊक होतंच, तरी ते पाणी पिताना ते रडले. मी त्यांना रडताना फारसं पाहिलेलं नाही.

त्यानंतर अम्मीचा आंब्यावरचा पहारा कमी झाला. सुरी आता अब्बांकडेच असते. अर्धा कापून ते स्वतः घेतात, उरलेला समोर असेल त्याच्या हातात देतात. फणसाचं अजून ठरत नाहीये. पिकल्या गऱ्यांत शंभर ग्रॅमला २३ च्या घरात कर्बोदकं. म्हणजे कापा फणसाचे गरे नेमके किती, यावर दोघांचं भांडण सुरू आहे. अम्मी तीन म्हणते, अब्बा पाच.