शंभर टक्के निकाल आणि माझी ताई



दहावीचा निकाल लागला की आमच्या धारूर तालुक्यात फाट्याफाट्यावर फ्लेक्स लागतात. 'शंभर टक्के निकालाची परंपरा कायम.' वर पुढाऱ्यांचे फोटो, खाली मुलांचे. असा फ्लेक्स दिसला की मी एकच प्रश्न विचारतो : शंभर टक्के, पण कितींचे?

हा प्रश्न मला माझ्या ताईमुळे पडला.

माय आणि दादा ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली, म्हणून दिवाळी झाली की गाडी भरायचीच. मी आणि ताई आजीजवळ राहायचो. ताई नववीत आणि मी आठवीत असताना धाकटा रांगायला लागला. माय फडात गेल्यावर कोपीवर त्याला कोण बघणार? भाकरी कोण थापणार? दादा म्हणाले, "पोराची शाळा नको बुडवायला. पोरीला संगं नेऊ." चर्चा तेवढीच. ताई चुलीपाशी बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. आपण वाचलो, याचाच मला आनंद झाला होता.

कारखान्याचा पट्टा पडल्यावर ताई परत आली. शाळेत सांगितलं, हजेरी भरत नाही, दाखला घेऊन जा, पुढं 17 नंबरचा फॉर्म भरता येईल. सांगणारे गुरुजी दुष्ट नव्हते. निकाल घसरला असता तर जाब त्यांनाच द्यावा लागला असता. 17 नंबरचा फॉर्म कुणी भरला नाही. दोन वर्षांनी ताईचं लग्न झालं.

ताईच्या वर्गाचा दहावीचा निकाल चांगला लागला. ताई त्यात नापास नव्हती आणि पासही नव्हती. टक्केवारी काढताना वर पास झालेले असतात, खाली परीक्षेला बसलेले. ताई अंशात नव्हती आणि छेदातही नव्हती. पुढच्या वर्षी मी पास झालो, गावात सत्कार झाला. 'कष्ट केले की यश मिळतं' असं मी भाषणात ठोकून दिलं. कष्ट कुणी केले होते, हे सांगायची तेव्हा अक्कल नव्हती.

पुढे चळवळीत आल्यावर बाबासाहेबांचं 12 मार्च 1927 चं भाषण वाचलं. मुंबई कायदे कौन्सिलात ते शिक्षणाच्या खर्चावर बोलत होते. शाळा किती, पट किती, एवढ्यावर ते थांबले नाहीत. 100 मुलं शाळेत आली तर चौथीपर्यंत 18 पोचतात आणि उरलेली 82 पुन्हा निरक्षर होतात, हा हिशोब त्यांनी सरकारपुढे ठेवला. मग समाजवार आकडे मांडून दाखवलं, की मागासवर्ग लोकसंख्येत दुसरा आहे आणि शिक्षणात शेवटचा. आत किती आले, शेवटपर्यंत किती टिकले आणि गळाले ते कोण? एवढ्या वर्षांनी आपल्या हायस्कुलांना विचारायचे प्रश्न हेच आहेत.

मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या हायस्कुलांची जुनी परंपरा आहे. या शाळांत आज कोण आहे? ऐपत असलेल्यांची मुलं इंग्रजी शाळेत किंवा लातूरच्या शिकवणीला गेली. मागे राहिले बौद्ध, मातंग, बंजारा, वंजारी, मुस्लिम आणि कोरडवाहू मराठा यांच्या घरची लेकरं. त्यातल्या कित्येकांचे आईबाप सहा-सहा महिने सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात. म्हणजे शाळेचा निकाल ही नुसती गुरुजींची कर्तबगारी नसते. त्या पटावर कोणाची लेकरं आहेत, याचाही तो निकाल असतो.

"यांच्या आईबापालाच शिक्षणाची किंमत नाही," असं काही जण म्हणतात. किंमत नसती तर मला का ठेवलं असतं? माझ्या घराला शिक्षणाची किंमत पुरती ठाऊक होती. ती एकाच लेकराची परवडत होती आणि निवडीची पाळी आली तेव्हा मुलगी मागे पडली. ही आपल्या घरातली मनुस्मृती आहे, हे आपणही कबूल केलं पाहिजे.

पण निवडीची पाळी का येते? शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयापुरता आहे. नववी-दहावीचं लेकरू त्याच्या बाहेर पडतं. साखरशाळा निघाल्या, त्या मुख्यतः लहान वर्गांसाठी. नेमक्या ज्या वयात मुलीच्या हाती भाकरी आणि धाकटं भावंड दिलं जातं, त्याच वयात सरकारचा हात सुटतो. मग लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या 43.7 टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. राज्याचा आकडा 21.9 आहे.

बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापुरात वसतिगृह काढलं, ते हायस्कुलातल्या मुलांसाठी. शाळा असून भागत नाही, लेकराला राहायला छप्पर आणि पोटाला अन्न लागतं, हे बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखलं होतं. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी तालुकावार वसतिगृहांची योजना राज्य सरकारने 2021 मध्ये आणली. तुमच्या तालुक्यात ते सुरू आहे का? मुलींचं आहे का? गाड्या भरायच्या आधी प्रवेश होतात का? हे जाऊन बघा.

तरुण मित्रांनो, जयंतीला डीजे लावण्याआधी एक काम करा. आपल्या गावच्या शाळेत माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्या. पाच वर्षांपूर्वी पाचवीत किती मुलं-मुली होत्या, यंदा दहावीला किती बसल्या, मधल्या काळात दाखले कोणाचे गेले, हे प्रवर्गनिहाय मागा. कोणाचंही नाव नको, नुसती संख्या. ती संख्या निकालाच्या फ्लेक्सशेजारी लावा.

ताईची मुलगी आता आठवीत आहे. ताई आणि दाजी अजून कोयत्यावर जातात. दिवाळीच्या आत तिची वसतिगृहाची सोय नाही झाली तर ती माझ्या घरी राहील, असं मी ताईला सांगितलंय. ताई म्हणाली, "तुझ्या पोरासारखंच शिकवशील ना?"

जय भीम. जय संविधान.