दोरीचे दुसरे टोक

‘कातीव’ हा आपल्या मराठीतला मोठा लाडका शब्द. मूर्तीचा बांधा कातीव असतो, नायिकेचे नाक कातीव असते, आणि एखाद्या लेखकावर टीकाकार प्रसन्न झाले म्हणजे त्याची शैलीही कातीव होऊन बसते. पण हा शब्द ज्या धंद्यातून आला, तो धंदा डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता फारशी उरली नाहीत. ‘कातणे’ म्हटले की लोकांना सूत आठवते. लाकूडही कातले जाते असे मी परवा घरात म्हणालो, तेव्हा शहरात वाढलेल्या आमच्या सूनबाईंनी विचारले, “म्हणजे कोरतात का?” मी त्यांच्याच हातातल्या लाटण्याकडे बोट दाखवले. सुताराच्या इतर कामांत लाकूड मुकाट्याने पडून असते आणि हत्यार फिरते. इथे सारा मामला उलटा. लाकूड गरगर फिरत राहते आणि हत्यार एका जागी धरायचे. पाळण्याचे खांब, जुन्या पलंगांचे पाय, बुद्धिबळातली प्यादी, पोरांचे भोवरे, पांगुळगाड्याची चाके, सगळी याच विद्येची लेकरे.

अमेरिकेत राहणारा माझा एक भाचा अलीकडे या विद्येच्या नादी लागला आहे. आठवडाभर संगणकापुढे बसतो आणि शनिवारी लाकूड काततो. तिकडे म्हणे अशा हौशी मंडळींचे गावोगाव क्लब आहेत. १९८६ साली त्यांची देशव्यापी संघटना निघाली, आणि पाठोपाठ १९८७ मध्ये इंग्लंडातली. लंडनच्या कातारी लोकांच्या संघाला तर १६०४ सालीच राजाची सनद मिळाली होती. रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट याला हाच नाद होता. राज्यकारभारातून सवड काढून तो हस्तिदंत आणि लाकूड कातीत बसे. क्लबात मंडळी महिन्यातून एकदा जमतात, एखादा जाणता वाडगा कातून दाखवतो, बाकीचे भोवती बसून पाहतात. मग प्रत्येक जण आपण केलेली वस्तू टेबलावर मांडतो आणि चहाबिस्किटांबरोबर एकमेकांच्या वाडग्यांची सभ्य शब्दांत निंदा होते. ‘निंदा’ हा शब्द भाच्याचा नव्हे, माझा. हे सारे फोनवर सांगून झाल्यावर तो म्हणाला, “मामा, असा एखादा क्लब आपल्याकडे हवा होता.”

होता की! भंडारा जिल्ह्यात, आमच्या पवनीला होता. त्याला नाव नव्हते, वर्गणी नव्हती, अध्यक्ष नव्हता; म्हणूनच बहुधा त्यात भांडणेही नव्हती.

पवनी हे वैनगंगेच्या काठचे, जुन्या तटबंदीचे आणि देवळांचे गाव. १९६९-७० साली तिथे उत्खनन होऊन बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले, तेव्हा पुण्यामुंबईच्या विद्वानांना आमच्या गावाचा पत्ता लागला. मी सांगतो आहे ती हकीकत त्याच्या आधीची. आमच्या आळीच्या टोकाला एका सुतार मिस्त्रींची कौलारू पडवी होती. आमचा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. एकंदरीत मिस्त्रींच्या पडवीने जागचे न हलता तीन राज्ये पाहिली होती. बाहेर बैलगाडीची मोडकी चाके, आत सागवान, बिजा, शिवण, हळदू यांचे ओंडके, आणि एका कोपऱ्यात जमिनीसरशी बसवलेली खराद. दुसरीकडे हिला चरक म्हणतात.

ही खराद म्हणजे काय हे नीट सांगायला हवे, कारण पुढची सारी गोष्ट तिच्यावर बेतलेली आहे. समोरासमोर दोन लाकडी खुंट आणि त्यांत एकेक लोखंडी अणी. या दोन अण्यांच्या मध्ये लाकडाचा तुकडा अडकवायचा आणि त्याला दोरीचे दोन वेढे द्यायचे. दोरीची दोन टोके समोर बसणाऱ्याच्या दोन हातांत. ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी त्याने ती ओढायची. उजवा हात मागे, मग डावा मागे. लाकूड एकदा इकडे फिरते, एकदा तिकडे. कातारी अलीकडे बसलेला असतो. हाताने पटाशी धरलेली, आणि ती हलू नये म्हणून पायाचा अंगठाही कामाला लावलेला. लाकूड त्याच्या अंगावर फिरून येते तेव्हाच हत्यार चालते. उलट फिरते तेव्हा ते किंचित मागे घ्यावे लागते. म्हणजे निम्मा वेळ काम आणि निम्मा वेळ वाट पाहणे. ओढणाऱ्याचा हात आणि धरणाऱ्याचा हात यांचा ताल चुकला की पटाशी लाकडात घुसते आणि तासाभराच्या कामाचे जळण होते. थोडक्यात, ही खराद एकट्याने चालवताच येत नाही.

मिस्त्रींच्या खरादीची दोरी त्यांच्या पत्नी ओढीत. सारी आळी त्यांना काकू म्हणे. स्वयंपाक, लेकरे, गाय हे सगळे उरकून दुपारी त्या दोरीला बसत आणि दिवेलागणीपर्यंत ओढीत राहत. “मिस्त्रींच्या हाताची चाके” असे सगळे म्हणत. काकूंच्या हातांचा उल्लेख कुणी केल्याचे मला आठवत नाही.

चाके म्हणजे तान्ह्या पोळ्याच्या बैलांची. हा सण पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना ठाऊक नसेल. श्रावणातल्या पिठोरी अमावास्येला पोळा. त्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी, म्हणजे वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या प्रतिपदेला, आमच्याकडे पोरांचा पोळा. लाकडी नंदी, त्याच्या पायांखाली पाटा, पाट्याला चार चाके, गळ्यात दोरी. पोरे हे बैल सजवतात, तोरणाखाली रांगेने उभे करतात, आणि मग घरोघर ओढीत नेतात. घरची मंडळी बैलाची पूजा करतात आणि पोरांच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवतात. त्याला म्हणायचे बोजारा. नागपूरकर भोसल्यांच्या काळात हा सण सुरू झाला अशी परंपरा सांगतात. मला त्यातले मर्म निराळेच वाटे. पोळा हा ज्याच्या गोठ्यात बैल त्याचा सण. शिक्षक, पोस्टमन, शिंपी, मजूर यांच्या घरी कुठला बैल? तान्ह्या पोळ्याला मात्र आमच्याही दारात एक बैल उभा राही. जुन्या मालगुजारांच्या नातवाचा नंदी उंचीला मोठा आणि त्याची झूल जरीची असे हे खरे. पण चाके त्याचीही याच पडवीतली, आणि तीही आमच्या बैलांइतकीच कुरकुरत.

त्या वर्षी, मी तेव्हा मराठी चौथीत होतो, मिस्त्रींनी दीडशे बैलांची मागणी घेतली होती. म्हणजे चाके सहाशे. लोकांनी विसार दिला होता आणि तो लाकडात घालून झाला होता. पोळा अठरा दिवसांवर आला आणि काकू हिवतापाने अंथरुणाला खिळल्या. एक दिवसाआड हुडहुडी भरे. चार घोंगड्या घातल्या तरी दात वाजत. कोयनेल चालू झाले, ताप हटला, पण अंगात त्राण राहिले नाही. रोजाने गडी ठेवावा तर गावातले सारे मजूर धानाच्या रोवणीवर. आमचा मुलूख भाताचा. रोवणीच्या दिवसांत माणूस मिळणे म्हणजे देव भेटणे.

माझे वडील शाळेत शिक्षक. ते संध्याकाळी मिस्त्रींकडे सहज डोकावले आणि बसले ते दोरीलाच बसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्यामागून पोस्टमन आले, मग शिंपी, मग दवाखान्यातले कंपाउंडर. पाळ्या लागल्या. एक जण दोरी ओढी, बाकीचे बीड्या ओढीत आणि गप्पा मारीत. कंदिलाच्या उजेडात भुश्श्याचा वास, नव्या हळदूचा पिवळा रंग आणि बाहेर धो धो पाऊस. कुणी दिवाळीनंतरच्या मंडईत दंडारीला कोणते सोंग घ्यायचे ते बोले, कुणी धानाच्या भावाचे. घरी माझ्या आजीला मात्र हे मुळीच रुचले नाही. “गुरुजी म्हणवतोस आणि सुताराच्या पडवीत दोरी ओढतोस!” वडिलांनी उत्तर दिले नाही. जेवले, हात धुतले आणि कंदील घेऊन पुन्हा गेले. वर्गात गुणाकार शिकवताना त्यांच्या आवाजात मी एवढा ठामपणा कधी ऐकला नव्हता.

पण चाके काही पुरी होईनात. कारण मिस्त्री एकच! बैलाचे धड वाकसाने तासायचे, शिंगे बसवायची, पाटे रंधायचे, आणि शिवाय खरादीवर बसायचे. पोळ्याला सहा दिवस उरले तेव्हा अडीचशे चाके बाकी होती. त्या रात्री मंडळी हिशेब करीत बसली असता काकू भिंतीला धरून पडवीत आल्या. खरादीशी पाट ओढला आणि मिस्त्रींच्या जागेवर बसल्या.

“दोरी ओढाची ताकद नाई अंगात,” त्या म्हणाल्या, “पन पटाशी धरतो मी. गुरुजी, तुमी ओढा. हात मधातच थांबवू नोका, नाई तं लाकूड चावते.”

मी दाराशी बसून पाहत होतो. चाके एकेक करून कातीत नाहीत. हातभर लांबीचा दांडा आधी गोल करायचा, मग त्यावर ठरावीक अंतराने खाचा पाडायच्या, प्रत्येक चाकाची कड गोलसर करायची. आणि शेवटी दांडा उतरवून काकडीच्या चकत्या कराव्यात तशी करवतीने चाके वेगळी करायची. अणी टेकलेली असते तोच चाकाचा मध्य. ओंडक्याचा गाभा मात्र टाळायचा, नाही तर वाळताना चाक उकलते. काकूंनी एकही खाच मोजपट्टी लावून पाडली नाही. लाकूड उलट फिरताना पटाशी मागे घ्यायची ती त्यांची लकब मिस्त्रींपेक्षाही अलवार होती. का असणार नाही? वीस वर्षे त्या समोर बसून तेच पाहत आल्या होत्या. शेवटी त्यांनी लाखेची लाल कांडी फिरत्या लाकडावर दाबली. घर्षणाने लाख वितळून रंग चढत गेला. ही लाखही आमच्या रानातल्या पळसांवरची.

मिस्त्रींनी चाक हातात घेऊन उजेडाशी फिरवून पाहिले. बराच वेळ पाहिले. “हिले येते म्हनून मले मालूमच नोयतं,” ते मंडळींना म्हणाले.

“इचारलं कवा तुमी?” काकू म्हणाल्या आणि पुढचा दांडा मागितला.

बैल वेळेवर झाले. शेवटचे पंधराएक पोळ्याच्या दिवशी रंगवले, आणि ओल्या रंगाने कित्येक पोरांचे सदरे खराब झाले. बाई खरादीवर बसते म्हणून दोघातिघांनी नाके मुरडली. पण विसार परत मागायला कुणी आले नाही. मंडळींचे पडवीत जमणे त्यानंतरही सुटले नाही. दर श्रावणात दोरीच्या पाळ्या लागत. वडिलांनी स्वतः एक लाटणे कातले, ते एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक झाले. आई ते शेवटपर्यंत वापरीत होती. पोळ्या मात्र दुसऱ्या लाटण्याने लाटी.

पुढे पडवीत वीज आली आणि मिस्त्रींनी मोटारीवर चालणारी खराद घेतली. लाकूड एकाच दिशेने, न थांबता फिरू लागले. दिवसाचे काम तासात होऊ लागले. मिस्त्री सुरुवातीला कुरकुरले, “हे दम नाई खात.” जुन्या दोरीसाठी उसासे टाकणारे पुष्कळ जण मला भेटतात, आणि मीही त्यांत सामील झालो असतो, पण त्याच सुमारास मी काकूंना विचारले होते, “काकू, दोरीची आठवण येत नाही?” त्यांनी पदराखालचा उजवा खांदा चोळला. “बैलाचा खांदा वर्साले एक डाव तरी मळते, बापू,” त्या म्हणाल्या, “बरं झालं मोटर आली थे.” आणि त्या मोटारीच्या खरादीवर त्या पुढे कित्येक वर्षे चाके कातीत होत्या. गिऱ्हाइके मग “काकूंचे चाक” म्हणून मागू लागली.

आता दोघेही नाहीत. नातू लाकडी सामानाचे दुकान चालवतो. सोफ्याचे पाय आणि देव्हाऱ्यांचे खांब कातून देतो. तान्ह्या पोळ्याला बाजारात मोठमोठे तयार नंदी येतात, सजावटीच्या स्पर्धा होतात, बक्षिसे लागतात. आणि बक्षीस बहुधा बापाच्या खिशाला मिळते. असो. पण नातवाने जुनी खराद मोडीत काढलेली नाही. रविवारी सकाळी दुकानाच्या मागे पाचसहा जण जमतात. निवृत्त बँकवाले एक, पोस्टातले एक, एक होमिओपॅथीचे डॉक्टर, आणि नातवाची मुलगी, जी नागपूरला इंजिनिअरिंग शिकते आणि सुट्टीत आली की सगळ्यांच्या चुका काढते. बहुतेक काम मोटारीवर चालते. पोळा जवळ आला की मात्र चार चाके हौसेने जुन्या खरादीवर होतात.

यंदा श्रावणात मी गेलो होतो. पटाशी त्या मुलीच्या हातात होती. तिने मला दोरी दिली आणि बजावले, “आजोबा, मध्येच थांबायचं नाही हं.” दहा मिनिटांतच माझा उजवा खांदा भरून आला. पुढची पाळी पोस्टातल्या गृहस्थांची होती. ते चहात बिस्कीट बुडवून सावकाश खात होते, आणि दांड्यावर अजून दोन खाचा पाडायच्या राहिल्या होत्या.