आज रात्री कुठं गाणं आहे?

हिंगणघाटात बसून मोबाईलला विचारलं, की आज रात्री जवळपास कुठं गाणं ऐकायला मिळेल, तर तो बिनदिक्कत नागपूर दाखवतो. पाऊणशे किलोमीटर. वर तिकीट काढा आणि मध्यरात्री परतीची गाडी शोधा. मोबाईलचा तरी काय दोष? वणा नदीकाठच्या या लाखभर वस्तीच्या गावातलं गाणं त्याच्या कानावर कोणी घातलेलंच नाही.

यात एक गंमत आहे. देशातल्या स्वतंत्र बँडांचा गाजलेला महोत्सव, 'एनएच७ वीकेंडर', २०१० साली पुण्यात सुरू झाला. नाव घेतलं राष्ट्रीय महामार्ग सातचं, म्हणजे वाराणसीहून निघून कन्याकुमारीला टेकणाऱ्या रस्त्याचं. तो रस्ता पुण्याकडे फिरकतही नाही. तो जातो हिंगणघाटावरून. त्याच वर्षी सरकारनं महामार्गांचे क्रमांक बदलले आणि आमच्या सातचा चव्वेचाळीस झाला. नंबर महोत्सवाला गेला, ट्रक आमच्याकडे राहिले.

पण गाणं इथं आहे. फक्त त्याचा पत्ता विचारायची रीत वेगळी आहे. चौकातल्या फ्लेक्सवर भरवसा ठेवू नये. तिथं वाढदिवसांची गर्दी असते आणि कार्यक्रमाची तारीख कुणाच्या तरी जोडलेल्या हातांखाली दबलेली असते. भोंगा लावलेला ऑटो फिरतो, पण तो मोठ्या कार्यक्रमांचा. खरी बातमी असते बिछायत केंद्रात. सतरंज्या, गाद्या, पेंडॉलचे बांबू आणि माईक भाड्यानं देणाऱ्या माणसाला गावातलं आजचं सगळं ठाऊक असतं. मी त्यालाच विचारतो.

"भाऊ, आज माल कुठी गेला?"

"चार सतरंज्या न् एक माईक गेला प्रार्थना मंदिराकडं. दुसरीकडं साउंड मांगतलाच नाही, नुसत्या गाद्या."

साउंड नाही, नुसत्या गाद्या, हे कळलं की मी दुसरीकडं जातो. जिथं माईक नाही तिथं माणसं ऐकायला बसलेली असतात, हा माझा अनुभव.

आमच्या वर्धा जिल्ह्याच्या संध्याकाळींवर तुकडोजी महाराजांची छाप आहे, ती बाहेरच्याला चटकन उमगत नाही. जन्म १९०९चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. १९३६मध्ये ते गांधीजींकडे सेवाग्रामला महिनाभर राहिले होते. मोझरीच्या गुरुकुंज आश्रमातून त्यांनी गुरुदेव सेवा मंडळाचं जाळं गावोगाव विणलं आणि संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेचा शिरस्ता घालून दिला. १९६८मध्ये महाराज गेले, शिरस्ता राहिला. त्यामुळे ज्या गावात मंडळ जितं आहे, तिथं 'आज रात्री काही आहे का' हा प्रश्न पडत नाही. असतंच. गाणारा दिवसा पानटपरी चालवतो, पेटीवर शिक्षक असतो, खंजेरी ट्रॅक्टरवाल्याकडे. प्रायोजक नाही, तिकीट नाही. आवडलं नाही तर उठून जायला कोणी अडवत नाही आणि आवडलं तर पुढच्या भजनाला टाळ तुमच्या हातात येतो.

हंगाम मात्र कापसाच्या हातात. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत नाव कमावून होता, आणि १८८१मध्ये बन्सीलाल अबीरचंद यांची गिरणी इथंच उभी राहिली. आता गिरण्यांचा तो रुबाब उरला नाही, पण दिवाळीनंतर बाजार समितीत कापसाच्या गाड्यांची रांग लागली की आजूबाजूच्या गावांत पैसा खुळखुळतो आणि पत्रकं छापायला जातात. महाराजांच्या पुण्यतिथीचे महोत्सव, सप्ताह, मंडई, दंडार, शंकरपट, सगळं याच थंडीत. भाव पडला त्या वर्षी पत्रकंही पातळ.

या पत्रकांत सगळ्यात चुरस असते खंजेरी भजन स्पर्धेची. पुरुष गट, महिला गट, बाल गट; खाली बक्षिसांची यादी, प्रवेश फी, आणि परगावच्या मंडळांसाठी जेवणाची सोय. एकदा गावाबाहेरच्या अशाच एका स्पर्धेला गेलो होतो. पेंडॉलमागं पऱ्हाटीचा जाळ केलेला. थंडीच्या दहिवरानं कातडं सैल पडतं, म्हणून आपला नंबर यायच्या आधी एकेक जण खंजेरी जाळावर धरत होता. धरायची, फिरवायची, अंगठ्यानं ठोकून कानाशी न्यायची, परत धरायची. एक पोरगं, असेल बारा-तेरा वर्षांचं, फारच जवळ नेत होतं. म्हातारा खेकसला, "फोडतं का बे?" आणि त्याच्या हातून घेऊन त्यानं दोन बोटांनी असा एक ठोका काढला की बसल्याजागी पुढची बाई मागं वळली. आता बोल्ट पिळून ताणायच्या, फायबरच्या पडद्याच्या खंजेऱ्या आल्या आहेत. त्या जाळ मागत नाहीत. सोयीच्या आहेत, हे कबूल. आवाज पत्र्याचा आहे, हेही सांगून टाकतो.

मंचावर एकाच रंगाच्या नऊवारीतलं महिला मंडळ चढलं. समोर परीक्षक ताल, सूर, उच्चार यांचे रकाने भरत बसलेले. मधल्या बाईनं डोळे मिटले आणि खंजेरी अशी चालवली की रकाने भरणाऱ्याचा पेन थांबला. अकोट तालुक्यातले सत्यपाल महाराज सात खंजेऱ्या एकट्यानं वाजवतात, हे महाराष्ट्राला माहीत आहे. एका खंजेरीत सातांचं काम करणारी ती बाई तिच्या गावाबाहेर कोणाला माहीत नसेल.

नुसतं भजनच ऐकायचं असंही नाही. एप्रिलमध्ये आणि पुन्हा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास वस्त्यावस्त्यांतून भीमगीतं ऐकू येतात. वामनदादा कर्डकांनी पायपीट करून गावागावांत पेरलेली ही गाणी विदर्भात कव्वालीच्या थाटात उभी राहिली. दोन पार्ट्या समोरासमोर बसतात, त्याला दुय्यम कव्वाली म्हणतात; एकीनं सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातच तो परतवायचा. मध्येच कोणी उठून नोट देतो आणि गायक तालात त्याचं नाव घेतो. हे सगळं तासा-दीड तासाच्या अंतरात आहे.

मग अडतं कुठं? एक तर डीजेपाशी. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी घातली. राज्य सरकारला वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. नियम चांगला आहे. पण छाती हादरवणाऱ्या डीजेच्या भिंती दहापर्यंत सगळ्यांचे कान वापरून घेतात, आणि दहानंतर बंद करायला सांगितलं जातं ते कोपऱ्यातल्या एका माईकच्या भजनाला. दुसरं, आमची कॉलेजची पोरं. गिटार वाजवणारी, वऱ्हाडीत रॅप लिहिणारी पोरं इथं आहेत. कोणाच्या तरी गच्चीवर जमतात आणि शेजाऱ्यांनी खडसावलं की पांगतात. यांना वाटतं, आपल्यासाठी जागा नागपुरातच. मंडळातल्या ज्येष्ठांना वाटतं, हे आपल्यातले नाहीत. खंजेरीच्या ठेक्यावर वऱ्हाडी रॅप बसतो की नाही, हे दोघांनी एका सतरंजीवर बसून बघितल्याशिवाय कसं कळणार?

माझं मागणं छोटं आहे. गावातल्या बिछायत केंद्रांनी दुकानाबाहेर एक काळा फळा टांगावा आणि आज सतरंज्या कुठं गेल्या ते खडूनं लिहावं. मंडळांनी आठवड्यातली एक संध्याकाळ प्रार्थनेनंतर गच्चीवरच्या पोरांना द्यावी. आणि तुम्ही आज हिंगणघाटात असाल तर साडेसातच्या आत जेवून घ्या, बिछायतवाल्याला विचारा आणि निघा. आठ वाजता सुरू होतं.