विरजण लागले नाही तेव्हा

आमच्या थोरल्या आक्काचे घर बदलापूरच्या पलीकडे, बारवी धरणाच्या वाटेवर आहे. बचत गटाचे कर्ज काढून तिने एक संकरित गाय घेतली. पाच-सहा घरी दुधाचा रतीब, त्यातून कर्जाचा हप्ता आणि उरेल त्यात घरखर्च. आम्ही राहतो अंबरनाथला आणि कारकुनी करतो उल्हासनगरला. महिन्यातून एखाद्या रविवारी आक्काकडे जातो आणि येताना किटलीभर दूध आणतो.

अशाच एका रविवारच्या दुधाला आमच्या पत्नीने रात्री विरजण लावले. सकाळी पाहते तर दही लागलेले नाही. पुन्हा विरजण घातले, संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, तरी दूध पातळ ते पातळच.

"विरजणच खराब असेल," आम्ही म्हणालो.

"त्याच विरजणाचं शेजारच्यांचं दही छान लागलंय. आक्कांना विचारा, गाईला काही औषध दिलं का."

आम्ही फोन लावला. आक्का आधी गप्प राहिली. मग म्हणाली, "कास सुजली होती रे. इंजेक्शन देणारा गावात येतो, त्याच्याकडून दोन दिवस टोचून घेतलं. सूज उतरली, मग बंद केलं. रतीब कसा तोडू? हप्ता कोण भरेल?"

आता उलगडा झाला. गाईला दिलेल्या प्रतिजैविकाचा, म्हणजे ॲन्टिबायोटिकचा, काही अंश दुधात उतरतो. ते औषध रोगाचे जंतू मारते तसे दही लावणारे जंतूही मारते. दूध उकळले तरी औषध पुरते जात नाही. तेच दूध आमच्या धाकट्या मुलीने प्यायले होते आणि रतिबाच्या घरांतील लेकरांनीही. आक्काला बोल लावायला आमची जीभ उचलली नाही. तिला हे कोणी सांगितलेच नव्हते, आणि पगारदार असून आम्हालाही ते ठाऊक नव्हते.

महिन्याभराने तोच सड पुन्हा सुजला. पुन्हा तेच इंजेक्शन टोचले, पण या वेळी गुण आला नाही. आम्ही रजा टाकून गेलो आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टर बाईंना घेऊन आलो. त्यांनी दुधाच्या पहिल्या धारा काळ्या कापडावर काढल्या. कापडावर पांढऱ्या गुठळ्या दिसल्या. खेड्यात ज्याला दगडी म्हणतात तो हा कासदाह. त्यांनी ताप पाहिला, तो नव्हता. गाय चारा खात होती.

बाई म्हणाल्या, "औषध वाईट नाही, अर्धवट औषध वाईट. अर्ध्या डोसाने कमजोर जंतू मरतात, दांडगे जगतात आणि त्यांचीच पैदास वाढते."

पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना हाच इशारा दिला होता. तो कोणी ऐकला नाही. शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात, औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली. माणसाच्या गंभीर आजारात अखेरचा उपाय म्हणून राखलेले कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते. जनावरांसाठी त्याच्या वापरावर भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. गोठ्यातले दांडगे जंतू गोठ्यातच राहत नाहीत. ते शेणातून, दुधातून, हातांवरून माणसांपर्यंत येतात.

बाईंनी त्या दिवशी इंजेक्शन दिले नाही. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने शिफारस केलेला लेप त्यांनी सांगितला. २५० ग्रॅम कोरफड काटे काढून सालीसकट चिरायची. तिच्यात ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना घालून एकत्र वाटायचे. चुन्याने हळद लाल होते, म्हणून लेपही लालसर होतो. सगळे दूध काढून टाकायचे, कास धुऊन पुसायची आणि मूठभर लेप थोड्या पाण्यात पातळ करून सगळ्या कासेला लावायचा. असे दिवसातून आठ-दहा वेळा, निदान पाच दिवस. शिवाय पहिले तीन दिवस गाईला रोज दोन लिंबे कापून खाऊ घालायची. बाईंनी बजावले, "दोन दिवसांत उतार पडला नाही किंवा ताप आला, तर मला बोलवा. मग दूध तपासू आणि लागेल ते औषध पूर्ण देऊ."

आक्का आणि दाजींनी पाळी लावून लेप लावला. तिसऱ्या दिवशी कास मऊ पडली, आठवड्यात गुठळ्या थांबल्या. त्या सडाचे दूध मात्र पहिल्याइतके कधी आले नाही.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पुढची सांगणे आम्हाला जड जाते, तरी सांगितली पाहिजे.

सामाजिक कार्यात वावरणाऱ्याला सल्ला देण्याची हौस असते. आम्ही तो लेप लोकलच्या डब्यात सांगितला, बैठकीत सांगितला. उल्हासनगरात वालधुनीच्या काठच्या वस्तीतील एक मावशी शेळ्या पाळत. एके दिवशी त्या म्हणाल्या, "भाऊ, शेळीची कास सुजलीय. खात नाही." आम्ही शेळी पाहिलीसुद्धा नाही. उभ्या उभ्या लेप सांगितला आणि वर म्हणालो, "डॉक्टरला कशाला पैसे घालता?" मावशींनी विश्वासाने दोन दिवस लेप लावला. तिसऱ्या दिवशी शेळी मेली, मागे दोन पिल्ले राहिली.

नंतर बाईंना विचारले तेव्हा त्यांनी आम्हालाच प्रश्न केला, "कास गरम होती की थंड?" मावशींच्या बोलण्यावरून ती थंड पडली होती, निळी-काळी झाली होती. ते कास सडल्याचे लक्षण. तिथे लेपाचा भरवसा नसतो, त्याच तासाला डॉक्टर लागतो. मावशी आम्हाला काही बोलल्या नाहीत. आजही भेटल्या की आधी त्याच "जयभीम भाऊ" म्हणतात, आणि आमची मान खाली जाते.

जीवकाची गोष्ट आपल्या घरोघरी ठाऊक आहे. औषधी नाही अशी एकही वनस्पती त्याला तक्षशिलेच्या परिसरात सापडली नाही. पण त्याआधी तो सात वर्षे गुरूजवळ शिकला होता, हे आम्ही विसरलो होतो. इंजेक्शनवर आंधळा विश्वास ठेवणारा आणि पाल्यावर आंधळा विश्वास ठेवणारा, दोघेही एकाच खड्ड्यात पडतात.

म्हणून घरी जनावर असणाऱ्या बंधू-भगिनींना एवढेच सांगणे. गोठा कोरडा ठेवा. धार काढण्याआधी हात आणि कास धुवा. धार झाली की जनावरापुढे चारा टाका, म्हणजे ते अर्धा तास उभे राहील. सडाचे तोंड तेवढा वेळ उघडे असते, आणि लगेच बसले तर घाण आत शिरते. पहिली धार रोज काळ्या कापडावर पाहा. सूज नुकतीच असेल आणि जनावर खात-पीत असेल, तर लेप जरूर लावा. ताप, खाणे बंद किंवा थंड काळी कास दिसली तर १९६२ या सरकारी क्रमांकावर फोन करा किंवा दवाखाना गाठा. औषध दिले तर पूर्ण द्या, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध विकू नका, पिऊ नका, वासरालाही पाजू नका.

गेल्या पावसाळ्यात आक्काच्या गाईला एकदा इंजेक्शन द्यावेच लागले. आम्ही काही बोलण्याआधी तिनेच डॉक्टर बाईंना विचारले, "किती दिवस दूध बाजूला काढू?" तेवढे दिवस तिने रतीब बंद ठेवला आणि घरोघर जाऊन कारण सांगितले. एकाही घराने तिचा रतीब तोडला नाही. त्या महिन्याच्या हप्त्यात थोडा हात आम्ही दिला.

त्यानंतरच्या रविवारी आणलेल्या दुधाला पत्नीने विरजण लावले. सकाळी दही घट्ट लागले होते.