पिझ्झा खाल्ला की खाल्ली?

माझ्या इटालियनच्या वर्गात दर वर्षी एक चूक हमखास होते आणि मी तिची वाट बघत असते. भूतकाळ नुकताच शिकवून झालेला असतो. मी विचारते, ‘पिझ्झा कुठाय?’ एखादा मुलगा ऐटीत उत्तर देतो, ‘लो मांजातो.’ खाल्ला! मी मान हलवते. इटालियनमध्ये पिझ्झा बाई आहे, म्हणून ‘लो मांजाता’. खाल्ली. मुलगा हिरमुसतो, मी मात्र मनातून खूश असते. खाल्लेल्या वस्तूपुढे क्रियापदाला वाकावं लागतं, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. पोळी खाल्ली, भात खाल्ला, पोहे खाल्ले असं म्हणतच तो मोठा झालेला असतो. नियम त्याने बरोबर लावला, फक्त पिझ्झ्याचं लिंग घरून आणलं. इंग्रजी माध्यमात पूर्ण मुरलेला विद्यार्थीही ‘मांजातो’च म्हणतो, पण मुळात वस्तूला लिंग असतं हेच त्याच्या गावी नसतं. त्या दोघांच्या चुका कागदावर सारख्या दिसतात. मी त्यांना सारखे गुण देत नाही.

मराठी याबाबतीत इटालियनपेक्षा कडक आहे, हेही सांगायला हवं. इटालियनमध्ये पिझ्झा क्रियापदाच्या मागून आली तर ‘ओ मांजातो ला पीत्सा’ असं बिनदिक्कत चालतं. ती सर्वनाम होऊन क्रियापदाच्या पुढे उभी राहिली, की मगच शेवटचा स्वर बदलतो. ‘जाणे’सारखी क्रियापदं मात्र थेट आपल्याच वळणाची: तो गेला, लुई ए आंदातो, ती गेली, लेई ए आंदाता.

असं का, याचं उत्तर दोन्हीकडे एकच आहे. ‘मी पत्र लिहिलं’ या वाक्याच्या पोटात संस्कृतातलं ‘मया पत्रं लिखितम्’ आहे. ‘लिखित’ हे पत्राचं विशेषण, मग ते पत्राच्याच लिंगात असणार. लॅटिन बोलणारे लोकही ‘लिहिलेलं पत्र मी बाळगून आहे’ अशा धर्तीवर बोलू लागले आणि त्यातून इटालियनचा रोजच्या वापरातला भूतकाळ तयार झाला. त्यातलं ‘बाळगून आहे’ झिजून नुसतं सहायक क्रियापद उरलं. विशेषणाची खोड मात्र गेली नाही.

मी स्वतः इटालियन शिकले ती इंग्रजी पुस्तकांतून. पहिल्याच पुस्तकाच्या शेवटी घडीचा तक्ता होता, उलगडला की टेबलाबाहेर जाणारा. सात अर्थ, म्हणजे इंग्रजीतले ‘मूड’, आणि त्यांचे मिळून एकवीस काळ. एकट्या स्वार्थाचे आठ, कोंजुंतीवोचे, म्हणजे इंग्रजीतल्या ‘सबजंक्टिव्ह’चे, चार. वर आरे, एरे आणि ईरे असे क्रियापदांचे तीन गट, आणि बहुतेक काळांत सहा-सहा रूपं. मी ती पाढ्यांसारखी पाठ केली. ‘सबजंक्टिव्ह’ म्हणजे काय, हे समजून घ्यायला मी इंग्रजीतली दुर्मीळ, जवळजवळ मेलेली वाक्यं घोकत बसले होते. आणि घरात मोरो केशव दामल्यांचं १९११ सालचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ धूळ खात पडलं होतं! स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. शाळेत पाच मार्कांसाठी पाठ करून विसरलेले हे शब्द. इटालियन तक्त्यातल्या पहिल्या चार दारांवर तीच नावं थोड्याफार फरकाने लावता येतात. विध्यर्थ आणि कोंजुंतीवो अगदी मापात बसत नाहीत, पण इंग्रजीपेक्षा कितीतरी बरे बसतात.

उदाहरणार्थ, ‘तो आलाय, मला माहीत आहे’ आणि ‘तो आला असावा’. पहिल्यात बोलणारा हमी घेतो, दुसऱ्यात ती अंगावर घेत नाही. ‘असावा’मधल्या त्या ‘वा’चं काम इटालियनमध्ये ‘सिया’ करतं: क्रेदो के सिया आर्रिवातो. ‘त्याने यावं अशी माझी इच्छा आहे’ यात पुन्हा ‘वा’, आणि तिकडे पुन्हा कोंजुंतीवो, ‘वेंगा’. आणि तिसरी जागा मानाची. मध्य इटलीतल्या पेरूजात मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होते त्या सिन्योरा सत्तरीच्या होत्या. पहिल्या आठवड्यात त्या माझ्या खोलीत डोकावल्या, तेव्हा मी तत्परतेने खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, ‘सियेदिती.’ म्हणजे ‘बस गं’. त्या बसल्या नाहीत. हसल्या, आणि उभ्या-उभ्याच म्हणाल्या, ‘सी आक्कोमोदी.’ मला वाटलं त्या मलाच बसायला सांगताहेत, म्हणून मीच बसले! आपण काय म्हणायला हवं होतं ते त्या सांगत होत्या, हे रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं. ‘लेई’ म्हणजे ‘आपण’, आणि आपणांना आज्ञा करायची नसते, कोंजुंतीवोतून सुचवायचं असतं. आपण बसावं. आजोबांच्या मित्रांना मी आयुष्यभर हेच म्हणत आले होते.

इटालियन माणसालाही हे रूप सहज साधत नाही, हा मोठाच दिलासा. १९७५ सालच्या ‘फान्तोत्सी’ या चित्रपटात पहाटेच्या धुक्यात टेनिस खेळणारे दोन कारकून आहेत. त्यातला एक ‘आपण सर्व्हिस करावी’ म्हणताना ‘बात्ता’च्या जागी ‘बात्ती’ म्हणतो. दुसऱ्याला वाटतं हा एकदम अरे-तुरेवर आला, आणि मग दोघं मिळून चुकीचं रूपच ‘कोंजुंतीवो’ ठरवून टाकतात. इटलीत आजही कोणाचा कोंजुंतीवो घसरला की या प्रसंगाची आठवण निघते.

इतर काही जागा तर अशा आहेत, की मी फळ्यावर फक्त मराठी वाक्य लिहिते आणि बाजूला होते. ‘आठ वाजले असतील.’ होऊन गेलेल्या गोष्टीला ‘असतील’ हे भविष्यकाळाचं रूप कशाला? अंदाज आहे म्हणून. सारान्नो ले ओत्तो, तिथेही शुद्ध भविष्यकाळ. ‘मला एक कॉफी हवी होती.’ हवी तर आत्ताच आहे, मग ‘होती’ का? नम्रपणा म्हणून. इटलीतल्या कॉफीच्या काउंटरवरही ‘वोलेव्हो उन काफ्फे’ असा भूतकाळच चालतो. आणि काउंटरमागचा एखादा खवट माणूस हटकून विचारतो, ‘हवी होती? म्हणजे आता नको?’ हा विनोद मी पेरूजात ऐकला आणि पुण्यातल्या लक्ष्मी रोडवरही. कुठला जास्त खवट होता ते सांगत नाही.

पण मराठी नेहमीच हात धरून नेते असं नाही, एके ठिकाणी ती सरळ खड्ड्यात घालते. ‘पैसे असते तर घर घेतलं असतं.’ आपल्याकडे जर-तरच्या दोन्ही बाजूंना तेच ‘असते-असतं’. इटालियनमध्ये ‘से’च्या, म्हणजे ‘जर’च्या बाजूला कोंजुंतीवो, ‘से आवेस्सी’, आणि ‘तर’च्या बाजूला संकेतार्थ, ‘कोंप्रेरेई’. माझे विद्यार्थी दोन्हीकडे संकेतार्थ घालून ‘से आव्रेई’ म्हणतात. गंमत अशी की नेमकी हीच चूक इटालियन मुलंही करतात आणि तिथले मास्तर तिच्यावर लाल शाई ओततात. जर-तर सारखं दिसावं अशी माणसाच्या डोक्याचीच ओढ असावी. (पाहा, ‘असावी’.)

अनियमित क्रियापदांचा बाऊ मला कधीच पटला नाही. ‘आंदारे’ म्हणजे जाणे. पण मी जाते ‘वादो’, आम्ही जातो ‘आंदियामो’. विद्यार्थी कुरकुरतात, हा काय आचरटपणा? मी विचारते, ‘जाणारा’ माणूस ‘गेला’ कसा? ‘जाला’ का नाही? दोन निराळे धातू एका छपराखाली नांदताहेत, इथेही आणि तिथेही.

बाकी बहुतेक अनियमितपणा हा आघाताचा खेळ आहे, आणि तो कानाने शिकावा, डोळ्यांनी नव्हे. फिनीरे, म्हणजे संपवणे, याची रूपं मोठ्याने म्हणा: फिनिस्को, फिनिशी, फिनिशे, फिनियामो, फिनीते, फिनिस्कोनो. चार रूपांत मध्येच एक ‘इस्क’ घुसतो, दोनांत नाही. फिनियामो आणि फिनीते यांच्यात आघात मुळातच प्रत्ययावर पडतो, तिथे त्याची गरज नाही. उरलेल्या चारांत आघात धातूवर पडला असता, तो उचलून पुढे नेण्याचं काम हा ‘इस्क’ करतो. लिहिण्याच्या भूतकाळातही तेच: स्क्रिस्सी, स्क्रिवेस्ती, स्क्रिस्से, स्क्रिवेम्मो, स्क्रिवेस्ते, स्क्रिस्सेरो. पहिलं, तिसरं, सहावं धातूवर जोर देतं आणि आखडून बसतं, बाकीची तीन सरळ चालतात. हे एकदा हाताने टेबलावर ताल धरून म्हटलं, की तक्ता लागत नाही. शेजारच्या वर्गाची तक्रार येते, ती वेगळी.

आणि तक्ता म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. जुन्या साहित्यिक इटालियनमध्ये ‘मी होतो’ आणि ‘तो होता’ या दोहोंना एकच रूप होतं, ‘एरा’. आलेस्सांद्रो मान्झोनी मिलानचा. त्याची ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ ही कादंबरी १८२७ साली पूर्ण छापून झाली, पण तिची भाषा त्याच्या मनाला लागेना. तो फ्लॉरेन्सला गेला, तिथल्या लोकांचं बोलणं ऐकलं आणि अख्खी कादंबरी पुन्हा लिहून काढली. १८४० पासून हप्त्याहप्त्याने निघालेल्या त्या नव्या आवृत्तीत ‘मी होतो’ला फ्लॉरेन्सच्या बोलीतला ‘एरो’ आला. आज शाळेतलं पोर ‘एरो’च म्हणतं. ‘एरो’चा हा काळ म्हणजे आपला ‘आजी रोज तुळशीला पाणी घाली’मधला ‘घाली’. मराठीने तो बोलण्यातून जवळजवळ घालवला आणि पुस्तकात ठेवला. इटालियनचं त्याच्यावाचून पान हलत नाही.

पुस्तकात जाऊन बसलेला काळ त्यांच्याकडेही आहे, पास्सातो रेमोतो, दूरचा भूतकाळ. मिलान-तोरिनोकडे तो बोलण्यात फारसा ऐकू येत नाही, कादंबरीत भेटतो. खाली सिसिलीत मात्र आज सकाळी घडलेली गोष्टही लोक त्याच काळात सांगतात. ‘रेमोतो म्हणजे किती दूर?’ असं विद्यार्थी विचारतात. पुस्तकं वर्षं सांगत नाहीत. मध्य इटलीत दोन्ही भूतकाळ जिवंत आहेत, आणि मला त्याचं उत्तर सिन्योरांच्या स्वयंपाकघरात मिळालं.

१९९८चा नोव्हेंबर होता. त्या चेस्टनट भाजत होत्या, मी साली काढत होते. बोलता बोलता त्यांनी नवऱ्याचा विषय काढला. ‘मोरी,’ त्या म्हणाल्या, १९७८ साली. पास्सातो रेमोतो. मग मुलाचा. तो १९७५ मध्येच टोरांटोला गेला होता, वडील जाण्याच्या तीन वर्षं आधी. त्याच्यासाठी त्यांनी जवळचा भूतकाळ वापरला, ‘ए पार्तीतो’. मी वहीत दोन्ही सालं आणि दोन्ही रूपं लिहून घेतली, कारण हिशेब जुळत नव्हता. नंतर त्याच पानावर खाली मराठीत लिहून पाहिलं: नवरा वारला. मुलगा टोरांटोला गेलाय.