बुवापाड्याच्या गल्लीत मर्सिडीज

अंबरनाथला बाहेरून माणसे येतात ती शिवमंदिर पाहायला. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०चा शिलालेख असलेले ते मंदिर वालधुनीच्या काठी आहे आणि ते पाहण्यासारखे आहेच. बुवापाडा पाहायला कोणी येत नाही. पश्चिमेकडच्या या वस्तीत येतो तो कामासाठी, नाहीतर नातेवाईक म्हणून. वाटेत विमको नाका म्हणून रिक्षावाले हाक देतात. काड्यापेट्यांचा तो कारखाना केव्हाच बंद झाला, पण नाव लोकांच्या तोंडी टिकून आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी आमचे बुवापाड्यात जाणे झाले, ते मात्र एका मर्सिडीज गाडीसाठी. वाचकांना हसू येईल. आम्हालाही आले होते.

झाले असे की, आमच्या जुन्या परिचयाचे एक भाऊ एमआयडीसीतल्या नोकरीतून निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून हातात चार लाख रुपये आले. मुलगा कल्याणला दुसऱ्याची टुरिस्ट गाडी चालवतो. हात चांगला, व्यसन नाही. त्याने एका दलालामार्फत मर्सिडीज ई-क्लास पाहून ठेवली होती. २०१२ सालची, डिझेलवर चालणारी, किंमत सव्वापाच लाख आणि वर कागदपत्रांचा खर्च. नवी असताना हीच गाडी चाळीस लाखांच्या वर गेली असणार. मुलाचा हिशेब सरळ होता. लग्नसराईत नवरा-नवरीला अशी गाडी लागते. एका लग्नाचे आठ हजार, वर्षाला चाळीस लग्ने, म्हणजे तीन लाख वीस हजार. दोन वर्षांत गाडी फुकट. दहा हजार रुपये बयाणाही देऊन झाला होता.

वहिनींनी निरोप पाठवला, "भाऊजी, तुम्ही हिशेबातले माणूस. एकदा कागद बघून जा. आयुष्याची पुंजी आहे."

आम्ही बी.कॉम. झालो आणि कारकुनी करतो, म्हणून वस्तीतले लोक कागद घेऊन येतात. पण मोटारीतले आम्हाला काय कळणार? आम्ही पहिल्यांदा काय केले, तर गल्ली मोजली. वहिनींच्या घरासमोर, दोन्ही बाजूंच्या पायऱ्या सोडल्या तर, जेमतेम सात फूट जागा. त्यात एक पाण्याचे पिंप, एक सायकल आणि शेजारच्या आजींची बसायची खाट. गाडीची रुंदी सहा फुटांच्या वर, आरसे धरले तर पावणेसात. मुलगा म्हणाला, "काका, गाडी रस्त्यावर लावू." रात्री रस्त्यावर कोणाच्या भरवशावर, हे आम्ही विचारले नाही. वहिनींनी खाटेकडे पाहिले आणि त्याही गप्प राहिल्या.

मग रिक्षा करून उल्हासनगरला गेलो. गाडी तिथल्या एका गॅरेजमध्ये उभी होती.

उल्हासनगर आणि अंबरनाथ यांची हद्द कुठे संपते ते नवख्याला समजणार नाही. तिथे आधी लष्कराची छावणी होती, म्हणून अजून कॅम्प एक, कॅम्प दोन असे आकडे चालतात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना त्या बराकींत आणून ठेवले आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकीत वाढलेल्यांची नातवंडे आज परदेशी बनावटीच्या गाड्यांतून फिरतात. याबद्दल आमच्या मनात असूया नाही. कष्ट केलेले आहेत.

गॅरेजच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर चार-पाच मालक मंडळी बसली होती. ती गाडी दुरुस्तीला टाकून निघून जात नाहीत, रविवारी मुद्दाम येऊन बसतात. दलाल अजून यायचा होता. आम्ही बाजूला उभे राहिलो आणि अर्धा-पाऊण तास त्यांचे बोलणे ऐकले. खरे सांगायचे तर इतके मायेचे बोलणे आम्ही पतपेढीच्या सभेतही ऐकलेले नाही.

एकाने नवी गाडी घ्यायचे काढले होते. दुसरा म्हणाला, बरे झाले थांबलास, २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाडीवर ४० टक्के जीएसटी झाला आणि वरचा उपकर गेला. आधी दोन्ही मिळून पन्नासपर्यंत जात होते. (रिक्षावरचा करही त्याच दिवशी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे आमच्या किती रिक्षावाल्यांना कोणी खुर्चीवर बसवून सांगितले असेल?) तिसऱ्याचा टायर फुटला होता. त्याला बाकीच्यांनी समजावले की या गाड्यांच्या टायरची भिंत बुटकी असते, खड्ड्यात जोरात गेली की टायरबरोबर रिंगही वाकते. काही गाड्यांत स्टेपनी नसते, पंक्चर झाल्यावरही थोडे अंतर चालणारे टायर असतात, म्हणून डिकीत पंप ठेव. एकाने सुट्या भागांचे सांगितले. तोच भाग तोच कारखाना बनवतो, फक्त डब्यावर गाडीच्या कंपनीची खूण नसली की स्वस्त पडतो. कोणता भाग असा घ्यावा आणि कोणता घेऊ नये, हेही त्याने बोटांवर मोजून सांगितले.

मागच्या सीटच्या पट्ट्याचा विषय निघाला तेव्हा मात्र सगळे गंभीर झाले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर अपघातात गेले. गाडी मर्सिडीजच होती. पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. ते दोघेही गेले. "गाडी कितीही भारी असो, पट्टा न लावलेल्याला ती वाचवत नाही," असे एक शेठ म्हणाले. ते त्यांच्यात सगळ्यांत वयस्कर. बाकीचे त्यांना दादा म्हणत होते.

नंतर पाण्याचा विषय निघाला, आणि आमचे खरे काम तिथेच झाले.

दादा एका तरुण मालकाला सांगत होते, "पाण्यात गाडी बंद पडली ना, तर पुन्हा स्टार्टर मारू नकोस. हवा घ्यायच्या वाटेने पाणी इंजिनात गेलेले असते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, मग आतला दांडा वाकतो. ढकल, उचलून आण, पण स्टार्टर नाही. आणि विम्यात इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतले नसेल, तर कंपनी ते पैसे देणार नाही." मग म्हणाले, "जुनी गाडी घेताना आधी चटई उचलून वास घ्यायचा. सीटच्या खालच्या पट्ट्या बघायच्या. बुडालेली गाडी वरून धुता येते, खालून नाही."

आमच्या मुलाचा चेहरा उतरला. त्याला आठवले की गाडीची नोंद बदलापूरच्या पत्त्यावर होती. बदलापूर म्हटले की या भागातल्या कोणालाही जुलै २०१९ आठवतो. उल्हास नदी गावात शिरली, इमारतींच्या तळमजल्यांत उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि २७ तारखेला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकून हजारावर प्रवासी बोटींनी काढावे लागले. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा पाणी आले.

आम्ही धीर करून पुढे झालो. "शेठ, तुमच्या बोलण्यात पडतो, माफ करा. ती कोपऱ्यातली गाडी हा मुलगा घेणार आहे. एक नजर टाकाल का?"

आमची अपेक्षा होती की ते हात झटकतील. पण ते लगेच उठले. गुडघे दुखत असताना वाकले, ड्रायव्हरच्या बाजूची चटई उचलली, तिच्याखालचा फोम दाबला आणि बोट आमच्या नाकाशी आणले. कुबट वास. सीटची पट्टी तांबडी झालेली. मागच्या दिव्याच्या काचेत आतून वाळलेल्या गाळाची रेघ होती, ती मुलाने दहा वेळा गाडी पाहूनही त्याच्या नजरेत आली नव्हती. शेठ हिंदीतच म्हणाले, "मत ले बेटा. खरीदना आसान है, पालना मुश्किल."

मग त्यांनी मुलाला खुर्चीवर बसवून चहा पाजला आणि जे सांगितले, ते आम्ही वहीत उतरवून घेतले. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने फिरवली तर तो परवान्याचा भंग होतो; दंड तर होतोच, पण नवरा-नवरी घेऊन जाताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. २०१२च्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०२७ला संपणार. पुढे तपासणी, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. जुन्या गाडीवर आधीचे कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ पाहिजे. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव करून घ्यायचे. यात आमची एक भर: सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिला आहे की, गाडी विकली तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. आपल्या वस्तीत मोटारसायकली केवळ सही केलेल्या कोऱ्या कागदावर हातोहात फिरतात. त्यांच्या पहिल्या मालकांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

परतताना रिक्षात आम्हाला औरंगाबादची जुनी गोष्ट आठवली. (त्या शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर.) ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या व्यावसायिकांनी आणि उद्योजकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी. त्यातले चाळीस कोटींच्या वर कर्ज स्टेट बँकेने दिले, तेही ७ टक्के व्याजाने. त्याच मराठवाड्यात शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला किती जास्त व्याज पडत होते, यावर पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी डिसेंबरात 'द हिंदू'मध्ये लिहिले होते. तेव्हा आम्हाला फक्त संताप आला होता. आता त्यातली दुसरी बाजूही दिसते. ही माणसे एकेकटी दुकानात गेली नाहीत. आधी एकमेकांना विचारले, मग दीडशे जण मिळून भाव केला. म्हणून कंपनीही वाकली आणि बँकही.

आणि आमचा मुलगा? त्याला दीड लाख कमी पडत होते, म्हणून दलालाच्या ओळखीच्या फायनान्सवाल्याकडे एकटाच गेला. त्याला "१२ टक्के फ्लॅट" सांगितले. घरी आल्यावर आम्ही पाटी-पेन्सिल घेतली. फ्लॅट म्हणजे हप्ते फेडून मुद्दल कमी होत गेले तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण दीड लाखावर. तीन वर्षांचे व्याज ५४,००० रुपये, हप्ता ५,६६७. घटत्या बाकीवर मांडले तर हा दर २१ टक्क्यांच्या आसपास जातो. औरंगाबादच्या ७ टक्क्यांनी तेच दीड लाख घटत्या बाकीवर घेतले असते, तर तीन वर्षांचे व्याज सुमारे १६,७०० रुपये. भाऊ हा आकडा पाहून बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मर्सिडीजवाल्यापेक्षा आपणच महाग गाडी घेत होतो."

त्या शेठ मंडळींना आम्ही दोष देत नाही. विचारल्याबरोबर त्यांनी सांगितले, आणि एका पैशाची अपेक्षा ठेवली नाही. आमची खंत एवढीच की आम्ही पाऊण तास भिंतीला टेकून उभे होतो आणि विचारायला लाजत होतो. दलाल वेळेवर आला असता तर चटई कोणी उचलली नसती. आपली कितीतरी मुले या गाड्या रोज चालवतात, धुतात, पुसतात. मालकांचे हे सारे बोलणे त्यांच्या कानांवरून जाते. पण घरची खरेदी निघाली की तीच मुले एकेकटी दलालाकडे जातात.

बयाण्याचे काय झाले, ते सांगायचे राहिले. दलालाने आधी नन्नाचा पाढा लावला. दादा शेठनी फोन केल्यावर सात हजार परत आले, तीन हजार बुडाले ते बुडाले. भाऊंचे चार लाख सध्या पोस्टात आहेत. मुलगा अजून कल्याणची गाडी चालवतो. बुधवारी त्याचा आम्हाला फोन आला. त्याच्या स्टँडवरचा एक मित्र जुनी इको घेतोय, रविवारी सकाळी सगळे मिळून बघायला चाललेत, काका येता का, म्हणून. पाच जण आहेत. चटई कोण उचलणार, तेही ठरले आहे.