परचित्तज्ञान

अकोल्यास आमच्या घरी दर गुरुवारी दासगणूंच्या ‘श्रीगजानन विजय’ पोथीचे वाचन होत असे, आणि काशीहून शेगावास आलेल्या गोसाव्याच्या मनातला, लज्जेमुळे ओठांवर न येणारा गांजाचा नवस गजानन महाराज आपण होऊनच ओळखतात, हा तिसऱ्या अध्यायातला प्रसंग आला की वडीलधारी मंडळी सद्गदित होत. मी मात्र, आपलेही अंतःकरण असेच उघडे पडत असेल या धास्तीने, तसबिरीकडे पाहण्याचे टाळीत असे.

अमरावतीस महसूल खात्यात कारकुनीस लागल्यावर त्या धास्तीची जागा महाराजांच्या मन ओळखण्याच्या शक्तीच्या हेव्याने घेतली. डिसेंबर २००५च्या शासननिर्णयानंतर आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचे प्रकरण पात्र ठरल्यास वारसांस १ लाख रुपये मिळू लागले, आणि सातबारा, कर्जाचा दाखला, वसुलीचा तगादा यांवरून पात्र-अपात्रतेचा निवाडा व्हावयाच्या फायली माझ्या मेजावर साचू लागल्या. जबाब नोंदविताना भाऊ, शेजारी, कधी खुद्द पत्नीदेखील एवढेच सांगे : “मनात काय चाल्लं होतं, कोनाले समजलंच नाही जी.” हे वाक्य कोणत्या रकान्यात बसवावे याची तरतूद नमुन्यात नसे, सबब ते बहुधा कागदावर येतच नसे.

अशा दिवसांत पुतणीच्या आग्रहाने ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या अमेरिकन मालिकेतला ‘इअरशॉट’ हा भाग पाहिला. (राक्षस आणि पिशाच्चे माझ्या वयास शोभत नाहीत, हे घरात सर्वांनी ऐकवून झाले होते.) मुखहीन राक्षसाचे रक्त लागल्यामुळे बफीस सर्वांची मनोगते ऐकू येऊ लागतात, आरंभी तिला मौज वाटते, पण पुढे तो कोलाहल असह्य होऊन ती अंथरुणास खिळते. शाळेच्या भोजनगृहात कोणी तरी साऱ्यांच्या हत्येचा बेत योजीत आहे, इतके तिला ऐकू येते. कोण, ते उमगत नाही. संशय जातो बंदूक घेऊन घड्याळाच्या मनोऱ्यावर चढलेल्या जॉनथन या एकाकी मुलावर, आणि तो तर स्वतःलाच संपवावयास निघालेला. अन्नात विष कालवू पाहणारी निघते भोजनगृहातलीच एक बाई. कोलंबाइनच्या शाळेत २० एप्रिल १९९९ रोजी गोळीबार झाल्यामुळे हा भाग लांबणीवर पडून सप्टेंबरात दाखविला गेला.

योगशास्त्राने परचित्तज्ञानास, म्हणजे दुसऱ्याचे मन जाणण्यास, विभूतींत अर्थात सिद्धींत स्थान दिले, आणि विभूती समाधीस विघ्नरूप होतात असेही बजाविले. परंतु मला त्याहून मर्मभेदक वाटले ते हे की, बफी मनोऱ्यावर पोहोचते तेव्हा तिची सिद्धी उताऱ्याने नाहीशी झालेली असते, जॉनथनचे मन तिला मुळीच वाचता येत नाही, आणि जो तो आपल्याच दुःखात गढल्यामुळे तुझे दुःख कोणास दिसत नाही, असे त्याच्यासमोर उभे राहून तिला साध्या शब्दांत सांगावे लागते. त्या बोलण्याने तो बंदूक तिच्या हाती देतो. माझा हेवा तिथेच संपला.

वऱ्हाडातल्या वाचकांस माझी विनंती इतकीच : अबोल झालेल्या शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसा आणि, भलतेच वाटले तरी, त्याला विचारा. कचेरीची माणसे पंचनाम्यास येतात ती नंतर.